‘कॅडबरी’ आले कोठून? इंग्रजी स्थलवाचक आडनावाचा माग काढण्याची रीत

पूर्व द्रुतगती महामार्गाने मुलुंडकडून ठाण्यात शिरले की तीन हात नाका, नितीन कंपनी आणि कॅडबरी असे नाके ओळीने लागतात. रिक्षावाल्याला ‘कॅडबरीला सोडा’ असे सांगणारा माणूस मनात चॉकलेटचा कारखाना धरून बोलत असतो. ते मुळात एका इंग्रज कुटुंबाचे आडनाव आहे आणि त्याच्याही आधी नैर्ऋत्य इंग्लंडमधील गावांचे नाव आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कंपनीचे भारतातील अधिकृत नाव २०१४ मध्ये बदलून मॉन्डेलीझ झाले. नाक्याचे मात्र बदलले नाही.

अशा आडनावाचे मूळ, त्याचा अर्थ आणि ते धारण करणाऱ्या लोकांची भौगोलिक विभागणी घरबसल्या कशी शोधावी, याची रीत या लेखात सांगितली आहे. जुन्या कागदपत्रांचे भाषांतर करणारे, स्थानिक इतिहासाचा अभ्यास करणारे, तसेच परदेशात सोयरीक जुळल्यामुळे वंशावळीत एखादे इंग्रजी आडनाव सामील झालेले कुटुंबीय यांना तिचा उपयोग होईल. उदाहरणासाठी मुख्यतः कॅडबरी हेच आडनाव घेतले आहे, कारण ते ठाणेकरांच्या तोंडी आहे आणि या शोधातील बहुतेक अडचणी त्या एका नावात सापडतात.

आडनावाचा प्रकार आधी ठरवावा

इंग्रजी आडनावांचे ढोबळमानाने पाच प्रकार मानले जातात. स्मिथ किंवा टेलर यांसारखी आडनावे धंद्यावरून आली, जॉन्सन किंवा रॉबिन्सन बापाच्या नावावरून, ब्राउन किंवा शॉर्ट रंगरूपावरून. हिल, वुड, अ‍ॅटवुड ही आडनावे घराजवळच्या टेकडीवरून वा रानावरून पडली. पाचवा प्रकार म्हणजे विशिष्ट गावाच्या, वाडीच्या किंवा जहागिरीच्या नावावरून पडलेली स्थलवाचक आडनावे. शेवटचे दोन प्रकार एकमेकांत मिसळू देऊ नयेत. ‘हिल’ आडनावाच्या माणसाचे मूळ गाव शोधणे व्यर्थ आहे, कारण टेकडी कोठेही असू शकते. ‘कॅडबरी’ नावाची गावे मात्र नकाशावर बोट ठेवून दाखवता येतात.

हा प्रकार मराठी वाचकाला समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. बेलापूरकर, पनवेलकर, कल्याणकर ही आडनावे ज्या न्यायाने पडली, त्याच न्यायाने ही पडली. मात्र या साम्यातून निघणारा एक नियम इंग्रजी आडनावांच्या संकेतस्थळांवर क्वचितच स्पष्टपणे मांडलेला असतो. पनवेलमध्ये राहणाऱ्या माणसाला पनवेलकर म्हणून ओळखण्याचे सहसा कारण नसते, कारण तेथे सगळेच पनवेलचे. तो पुण्याला किंवा नाशिकला गेला की तेथील लोक त्याला त्या नावाने ओळखू लागतात. म्हणजे स्थलवाचक आडनाव बहुधा गाव सोडल्यावर चिकटते. म्हणूनच कॅडबरी आडनावाची जुनी माणसे कॅडबरी गावात न सापडता आसपासच्या गावांत किंवा जवळच्या बाजारपेठेच्या शहरात सापडली, तर त्यात विसंगती मानू नये. अपेक्षा तशीच धरावी.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे, तो जमीनदारांचा. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर वंशपरंपरेने चालणारी आडनावे प्रथम जमीनदार घराण्यांत रूढ झाली, आणि त्यांनी आपल्या जहागिरीचेच नाव घेतले. सामान्य लोकांत ही पद्धत हळूहळू झिरपत गेली आणि इ.स. १४०० च्या सुमारास बहुतेक इंग्रज कुटुंबांना कायमचे आडनाव मिळाले. आरंभीच्या कागदांत गावाच्या नावाआधी ‘द’ हे ‘चा’ या अर्थाचे फ्रेंच अव्यय लागते; पुढे ते गळून पडले. आपला ‘कर’ टिकला, त्यांचा ‘द’ गेला, त्यामुळे इंग्रजीत गाव आणि आडनाव एकाच रूपात उरले.

आणखी एक खबरदारी येथेच घ्यावी. परसी, लेसी, नेव्हिल ही आडनावे स्थलवाचकच आहेत, पण त्यांची मूळ गावे समुद्रापलीकडे नॉर्मंडीत आहेत. ती इंग्लंडच्या नकाशावर शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. स्कॉटलंडचीही गोष्ट निराळी. मुंबईकरांच्या परिचयाचे एल्फिन्स्टन हे आडनाव स्कॉटलंडच्या ईस्ट लोदियन भागातील एल्फिन्स्टन या ठिकाणावरून आले आहे आणि स्कॉटलंडची दप्तरे इंग्लंडच्या दप्तरांपासून पूर्णपणे वेगळी ठेवलेली असतात.

नाव फोडताना

इंग्लंडमधील बहुतेक ग्रामनामे जुन्या इंग्रजी भाषेतील दोन तुकड्यांची बनलेली असतात आणि ओळखीचा तुकडा बहुधा शेवटी येतो. ‘टन’ हा ‘टून’ म्हणजे शेतवाडी किंवा वस्ती या शब्दाचा अवशेष आहे. ‘ली’ हा रान किंवा रानातील मोकळी जागा दाखवणाऱ्या ‘लेआह’चा, ‘हॅम’ हा बहुधा घर वा गाव या अर्थाच्या ‘हाम’चा आणि ‘वर्थ’ हा कुंपण घातलेल्या आवाराचा. ‘चेस्टर’ असेल तर तेथे रोमन काळातील तटबंदी असण्याचा संभव मोठा. ‘बी’ आणि ‘थॉर्प’ हे शेवट डॅनिश व नॉर्वेजियन वसाहतकऱ्यांनी आणले, म्हणून ते यॉर्कशर आणि लिंकनशर यांसारख्या पूर्वेकडील व उत्तरेकडील काउंट्यांत (म्हणजे इंग्लंडच्या जिल्ह्यांत) दाटीने आढळतात. नैर्ऋत्येकडे जवळजवळ नाहीतच. नावाचा नुसता शेवट पाहूनही शोधाचे क्षेत्र अर्ध्यावर येते, ते असे.

‘कॅडबरी’तील ‘बरी’ म्हणजे तटबंदीची जागा. मूळ शब्द ‘बुर्ह’, त्याचे विभक्तिरूप ‘बिरिग’, आणि त्या विभक्तिरूपातून आजचा ‘बरी’ हा शेवट आला. त्याचा फळाशीही संबंध नाही आणि दफनाशीही नाही. पहिला तुकडा ‘काडा’ हे माणसाचे नाव आहे. एकत्र अर्थ झाला ‘काडाची गढी’. हा काडा कोण होता याविषयी इतिहासात एक अक्षरही नाही. गावाच्या नावापुरताच तो उरला आहे.

नाव फोडण्याचा एक नियम कटाक्षाने पाळावा. आजच्या रूपावरून अर्थ लावू नये. सापडेल तितके जुने लिखित रूप आधी पाहावे. सॉमरसेटमधील कॅडबरीचे इ.स. १००० च्या सुमाराचे रूप ‘काडनबिरिग’ असे आहे. त्यातील मधला ‘अन’ हा जुन्या इंग्रजीतील षष्ठीचा प्रत्यय आहे आणि म्हणूनच पहिला तुकडा माणसाचे नाव आहे असे म्हणता येते. आजच्या सात अक्षरांच्या स्पेलिंगमध्ये त्याचा मागमूस नाही. ग्रामनामांची अशी जुनी रूपे काउंटीवार गोळा करण्याचे काम इंग्लिश प्लेस-नेम सोसायटी १९२३ पासून करत आली आहे, आणि तिच्या संग्रहावर आधारलेला शोधनकाशा नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतो. १०८६ मध्ये इंग्लंडच्या राजाने करवलेल्या डूम्सडे या जमीन-मोजणीतील गावांची यादीही महाजालावर आहे. या दोन ठिकाणी गाव सापडले की अर्थाचा प्रश्न बहुधा मिटतो.

एकाच स्पेलिंगखाली दोन निरनिराळे अर्थ दडलेले असू शकतात, याचे ठळक उदाहरण मिल्टन. या नावाची बहुतेक गावे ‘मधली वस्ती’ या अर्थाची आहेत, तर काही ‘गिरणीची वस्ती’ या अर्थाची. म्हणून मिल्टन आडनावाचा अर्थ सांगताना आधी गाव निश्चित करावे लागते. ‘आडनाव लिहा, अर्थ मिळवा’ अशी जाहिरात करणारी संकेतस्थळे ही पायरी गाळतात, आणि माझ्या मते त्यांच्यावर विसंबू नये याचे हे एक कारण पुरेसे आहे.

गाव एक की अनेक

यानंतर त्या नावाची गावे किती आहेत ते मोजावे. स्थलवाचक आडनावाच्या शोधाचे भवितव्य या एका संख्येवर ठरते.

आपल्याकडे शाळेपासून परिचित असलेले न्यूटन हे आडनाव घ्या. अर्थ अगदी साधा: नवी वस्ती. पण इंग्लंडमधील सर्वांत जास्त आढळणाऱ्या ग्रामनामांपैकी ते एक आहे, आणि प्रत्येक काउंटीत नवी वस्ती कोणी ना कोणी वसवलीच. सटन म्हणजे दक्षिणेकडची वस्ती, नॉर्टन म्हणजे उत्तरेकडची. त्यांचीही तीच कथा. अशा आडनावांची माणसे एकमेकांच्या नात्यातील असतीलच असे नाही, आणि त्यांच्या बाबतीत ‘आडनावाचे मूळ गाव’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. योग्य प्रश्न ‘या कुटुंबाचे मूळ गाव कोणते’ हा असतो आणि त्याचे उत्तर फक्त पिढ्यांची साखळी मागे नेऊन मिळते.

दुसऱ्या टोकाला वॉशिंग्टन. या नावाची एक वस्ती इंग्लंडच्या ईशान्येला जुन्या डरॅम काउंटीत आणि दुसरी दक्षिणेला ससेक्समध्ये आहे. तरीही अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचे घराणे कोणत्या वॉशिंग्टनचे, याविषयी शंका नाही. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम द हर्टबर्न नावाच्या जमीनदाराने डरॅमच्या बिशपकडून वॉशिंग्टनची जहागीर घेतली आणि आपले जुने ग्रामनाम टाकून नवे धारण केले. जमिनीच्या व्यवहाराचा कागद मागे राहिला म्हणून ही गोष्ट ठाऊक आहे. जमीन नसलेल्या माणसाच्या बाबतीत असा कागद मिळण्याची आशा धरू नये.

कॅडबरी या दोहोंच्या मध्ये बसते. सॉमरसेटमध्ये नॉर्थ कॅडबरी आणि साउथ कॅडबरी ही शेजारची दोन गावे आहेत. डेव्हनमध्ये एक्सेटरच्या उत्तरेस, टिव्हर्टन आणि क्रेडिटन यांच्या मधल्या डोंगराळ मुलखात आणखी एक कॅडबरी आहे. साउथ कॅडबरी आणि डेव्हनमधील कॅडबरी या दोन्ही ठिकाणी टेकडीवर लोहयुगातील तटबंदीचे अवशेष आहेत, म्हणजे ‘गढी’ हा अर्थ दोन्हीकडे जागेशी जुळतो. त्यामुळे अर्थावरून दोहोंत निवड करता येत नाही. निवड करायची तर ती कुटुंबाच्या कागदांवरूनच करावी लागते.

साउथ कॅडबरीची गढी फार प्रसिद्ध आहे आणि तिच्या प्रसिद्धीचाच शोधकर्त्याला त्रास होतो. १५४२ मध्ये जॉन लेलंड या प्रवासी अभ्यासकाने दंतकथांतील राजा आर्थरची कॅमलॉट ही राजधानी म्हणजे हीच जागा, अशी स्थानिक समजूत नोंदवली. १९६६ ते १९७० या काळात लेस्ली अल्कॉक यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे उत्खनन झाले. त्यात पाचव्या-सहाव्या शतकात जुनी तटबंदी पुन्हा भक्कम केल्याचे दिसले, आणि अकराव्या शतकाच्या आरंभी एथेलरेड राजाच्या काळातील टांकसाळीच्या वस्तीचाही पुरावा मिळाला. आर्थर मिळाला नाही. तरीही आडनावांची माहिती विकणारे लोक ‘आपले पूर्वज कॅमलॉटचे’ असे छापायला मागेपुढे पाहत नाहीत. त्यांच्याकडून घराण्याचे मानचिन्हही विकत घेऊ नये. इंग्लंडमध्ये मानचिन्ह एखाद्या व्यक्तीला आणि तिच्या वारसांना बहाल केलेले असते. एका आडनावाच्या सगळ्या माणसांचे मिळून असे मानचिन्ह नसते.

कागदांवरून मागे जाणे

शोध नेहमी आजपासून मागे न्यावा. जुन्या काळातील एखादा प्रसिद्ध माणूस पकडून तेथून खाली उतरू नये, कारण आडनावाच्या साम्यामुळे साखळी कोठे तुटली ते तशाने कळत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. तिची सूची स्वयंसेवकांनी तयार केलेल्या मोफत संकेतस्थळांवर शोधता येते. मूळ दाखला मात्र शुल्क भरून मागवावा लागतो. जनगणना दर दहा वर्षांनी झाली आणि माणसांची नावे असलेली तिची पत्रके १८४१ पासून उपयोगी पडतात. ती शंभर वर्षे गोपनीय ठेवली जातात. म्हणून १९२१ ची पत्रके २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची पत्रके १९४२ मधील आगीत जळाली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणनाच झाली नाही. १८३७ च्या आधी चर्चच्या नोंदवह्यांवर अवलंबून राहावे लागते. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८ मध्ये निघाला, पण सगळ्या गावांच्या वह्या तेव्हापासून टिकलेल्या नाहीत.

चॉकलेटवाल्या कॅडबरी कुटुंबाला ही रीत लावून पाहा. बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर १८२४ मध्ये चहा, कॉफी आणि कोको यांचे दुकान उघडणारे जॉन कॅडबरी १८०१ मध्ये बर्मिंगहॅममध्येच जन्मले. त्यांचे वडील रिचर्ड टॅपर कॅडबरी मात्र मूळचे एक्सेटरचे. कापडाचा धंदा शिकून ते १७९४ मध्ये बर्मिंगहॅमला आले. म्हणजे एक पिढी मागे जाताच शोध मध्य इंग्लंडमधून डेव्हनमध्ये जाऊन पोहोचतो. नावाच्या मधल्या ‘टॅपर’कडेही दुर्लक्ष करू नये. इंग्रज कुटुंबांत असे मधले नाव पुष्कळदा आईच्या किंवा आजीच्या माहेरचे आडनाव असते आणि तसे निघाले तर शोधाला दुसरी वाट मिळते.

यापुढे गावच्या चर्चची वही उघडून चालत नाही, कारण हे कुटुंब क्वेकर या वेगळ्या ख्रिस्ती पंथाचे होते. क्वेकर लोक आपल्या नोंदी स्वतंत्र ठेवत. पुढे त्या सरकारजमा झाल्या आणि आता लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘आरजी ६’ या क्रमांकाखाली आहेत. त्या वाचताना तारखांकडे विशेष लक्ष द्यावे. मूर्तिपूजकांच्या देवदेवतांवरून पडलेली महिन्यांची नावे क्वेकर वापरत नसत. ते ‘पहिला महिना’, ‘दुसरा महिना’ असे लिहीत. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, म्हणून त्याआधीच्या नोंदींतील पहिला महिना म्हणजे मार्च समजावा, जानेवारी नव्हे. एवढे न पाहिल्यास मुलाचा जन्म आईबापांच्या लग्नाआधीचा दिसू लागतो आणि चांगली जुळलेली साखळी विनाकारण सोडून दिली जाते.

डेव्हन आणि सॉमरसेटच्या शोधात आणखी एक मोठे खिंडार आहे. मृत्युपत्रे हा आडनावाच्या इतिहासाचा फार मोलाचा आधार असतो, कारण त्यांत गाव, नाती आणि जमीन एकत्र येतात. या दोन्ही काउंट्यांची स्थानिक न्यायालयांत सिद्ध झालेली मृत्युपत्रे एक्सेटरमध्ये ठेवलेली होती, आणि मे १९४२ मधील जर्मन बॉम्बहल्ल्यात ती नष्ट झाली. १८१२ ते १८५७ या काळातील मृत्युपत्रांच्या करखात्याकडे गेलेल्या प्रती तेवढ्या वाचल्या. कँटरबरीच्या वरिष्ठ न्यायालयात सिद्ध झालेली मृत्युपत्रेही सुरक्षित आहेत. ती १३८४ ते १८५८ या काळातील असून राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतात. त्या न्यायालयापर्यंत जाणारी मंडळी बहुधा सांपत्तिक स्थिती बरी असलेली असत, हे ध्यानात ठेवून निष्कर्ष काढावा.

त्याहून मागे जायचे असेल तर करवसुलीच्या याद्या पाहाव्यात. १३२७ आणि १३३२ चे जंगम मालमत्तेवरील कर, १३७७ ते १३८१ मधील डोईपट्टी आणि १६६० नंतरचा चुलीवरील कर यांच्या अनेक काउंट्यांच्या याद्या छापून प्रसिद्ध झाल्या आहेत. त्यांत एखाद्या गावात ‘द कॅडबरी’ असा करदाता दिसला, तर त्या पंचक्रोशीत ते नाव तेव्हा होते एवढे सिद्ध होते. तो आजच्या कोणाचा पूर्वज होता, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

या सगळ्या शोधात स्पेलिंग सैल सोडावे. अठराव्या शतकापर्यंत लिहिणारा कारकून कानाला जसे लागेल तसे लिही. ‘बरी’च्या जागी फळवाचक ‘बेरी’चे स्पेलिंग, एका ‘डी’ऐवजी दोन, शेवटी ‘वाय’ऐवजी ‘आय-ई’ अशी रूपे आलटूनपालटून शोधावीत. मराठी वाचकाला येथे जादा काळजी घ्यावी लागते, कारण आपण उच्चार ऐकून देवनागरीत लिहितो आणि मग त्यावरून उलट स्पेलिंग करतो. लेस्टर, वूस्टर यांसारख्या नावांत लिहिलेली निम्मी अक्षरे उच्चारात नसतात, आणि चमली या आडनावाचे स्पेलिंग ऐकून बरोबर लिहिणारा माणूस इंग्लंडातही शोधावा लागेल.

लोकसंख्येची विभागणी कशी वाचावी

एखाद्या आडनावाचे लोक कोठे किती आहेत हे पाहण्यासाठी इंग्लंडपुरती १८८१ ची जनगणना सर्वांत सोयीची आहे. तिची संपूर्ण नावनिशी मोफत शोधता येते आणि मोटारीच्या काळापूर्वीची असल्यामुळे जुनी विभागणी तिच्यात बऱ्याच अंशी शाबूत आहे. मात्र नुसती माणसे मोजू नयेत. लोकसंख्येशी प्रमाण काढावे. १८८१ मध्ये लँकेशरची लोकसंख्या सुमारे साडेचौतीस लाख होती आणि डेव्हनची सुमारे सहा लाख. समजा, एखाद्या आडनावाची तीस-तीस माणसे दोन्हीकडे सापडली. आकडा सारखा असला, तरी डेव्हनमध्ये प्रमाण लाखामागे पाच पडते आणि लँकेशरमध्ये एकाहूनही कमी. गिरण्यांच्या लँकेशरमध्ये सगळीकडून माणसे येत होती, तेव्हा तेथील तीस माणसे स्थलांतरित असण्याचाच संभव अधिक. ठाण्याच्या वागळे इस्टेटीत आणि नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्यांच्या आडनावांवरून त्या नावांचे मूळ ठाणे जिल्हा असे कोणी ठरवणार नाही, तशीच ही गोष्ट आहे.

जनगणनेच्या पत्रकात जन्मगावाचाही रकाना असतो. १८५१ पासून त्यात गाव आणि काउंटी दोन्ही लिहिलेली असतात. राहत्या काउंटीऐवजी वृद्ध माणसांच्या जन्मगावांचा नकाशा केला, तर तो दोन पिढ्या मागचे चित्र दाखवतो. हे काम वेळखाऊ आहे, पण कॅडबरीसारख्या विरळ आडनावाला ते एकट्या माणसालाही झेपते; न्यूटनच्या बाबतीत करूच नये. विरळ आडनावांचा असा समग्र अभ्यास करणाऱ्या हौशी लोकांची एक संघटना, गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज, इंग्लंडमध्ये १९७९ पासून आहे. आपल्याला हवे असलेले आडनाव तेथे आधीच कोणी अभ्यासासाठी घेतले आहे का, हे आरंभीच पाहिल्यास बरेच श्रम वाचतात.

अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाने २००० आणि २०१० च्या मोजणीतील आडनावांच्या याद्या प्रसिद्ध केल्या आहेत. त्यांत किमान शंभर माणसांचे आडनाव असेल तरच ते येते, आणि प्रत्येक आडनावापुढे वांशिक विभागणीही दिलेली असते. वॉशिंग्टन आडनावाचे १,६३,०३६ लोक २००० मध्ये मोजले गेले आणि त्यांतील सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय होते. डरॅममधील एका खेड्याच्या नावाची ही लोकसंख्या! ती त्या बाराव्या शतकातील जमीनदाराच्या वंशविस्ताराने झालेली नाही. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या पुष्कळ लोकांनी आडनाव निवडले किंवा आधीपासून वापरात असलेले जाहीरपणे लावले, त्याचा हा परिणाम आहे. शिक्षणकार्यासाठी प्रसिद्ध असलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी शाळेत नाव विचारल्यावर हे आडनाव स्वतःच सांगितले होते, असे त्यांच्याच लेखनात आहे.

म्हणून आडनावाचा अर्थ आणि आडनाव धारण करणाऱ्यांचा वंश ही दोन वेगळी उत्तरे आहेत, आणि ती वेगळीच लिहावीत. ठाणे, वसई आणि साष्टीच्या रहिवाशांना हे अधिक सहज पटावे. १७३७ ते १७३९ मध्ये मराठ्यांनी हा प्रदेश जिंकेपर्यंत तो पोर्तुगीजांकडे होता आणि येथील ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीज आडनावे बाप्तिस्म्याबरोबर आली. ब्रगांझा हे त्यांपैकी एक आडनाव पोर्तुगालच्या ब्रगांसा शहराचे नाव आहे. ते लावणाऱ्या येथील कुटुंबाचे पूर्वज त्या शहरातून आले होते, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

ठाण्यातून सुरुवात करायची असल्यास

इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला डिसेंबर १७७४ मध्ये घेतला. त्यानंतर येथे लष्करी व मुलकी अधिकारी, त्यांची कुटुंबे आणि पुढे रेल्वेची माणसे राहत आली. कारागृहाजवळचे सेंट जेम्स चर्च बिशप हेबर यांच्या हस्ते १८२५ मध्ये समर्पित झाले. अशा जुन्या चर्चमधील स्मृतिशिला, दफनभूमीतील थडगी किंवा जुन्या गॅझेटिअरमधील अधिकाऱ्यांची नावे येथून एखादे आडनाव निवडता येते. विरळ आडनाव निवडावे. वर सांगितलेल्या रीतीचा सराव त्यावर चांगला होतो.

मुंबई इलाख्यातील ख्रिस्ती बाप्तिस्मे, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत ‘एन ३’ या मालिकेत आहेत. बंगालची मालिका ‘एन १’ आणि मद्रासची ‘एन २’. ब्रिटिश भारतातील कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेच्या संकेतस्थळावर नावाने मोफत शोध घेता येतो, आणि पुष्कळदा तेथेच मूळ नोंदीचा खंड व पृष्ठ मिळते. भारतातील दफनाच्या नोंदीत जन्मगाव बहुधा नसते. ते लष्करी भरतीच्या किंवा कंपनीच्या नोकरीच्या अर्जात असते. म्हणून मृत माणसाचा हुद्दा आणि पलटण यांची नोंद न चुकता करावी.

थडग्यावरील मजकूर उतरवून घेताना चर्चची परवानगी घ्यावी, दगडावर खडू किंवा पाणी लावू नये आणि तिरप्या उन्हाच्या वेळी, म्हणजे सकाळी किंवा चारनंतर, छायाचित्र काढावे. मजकूर जसाच्या तसा, त्यातील चुकांसह उतरवावा. न वाचता आलेल्या अक्षराच्या जागी अंदाजाने अक्षर भरू नये. तेथे टिंब द्यावे आणि आडनावाची शक्य असलेली सर्व रूपे त्याच्याखाली स्वतंत्र ओळीत लिहावीत.